मूठ किती आवळावी?

जुलैत पावसाने जोर धरला की भंडारा जिल्ह्यात रोवणीची घाई उडते. चिखलणी झालेल्या बांधीत बाया ओळीने वाकून उभ्या राहतात. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी असते आणि उजव्या हाताची बोटं सारखी चिखलात जाऊन वर येत असतात. दोन-चार रोपं अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात धरायची, मुळं चिखलात खोचायची, बोटं अलगद सोडवून घ्यायची आणि एक पाऊल मागे सरकायचं. रोप जास्त दाबलं तर कोवळा दांडा चेमटतो. सैल धरलं तर ते नीट रुतत नाही आणि बांधीत पाणी चढलं की तरंगून वर येतं. दाब किती ठेवायचा हे कुणी शब्दांत सांगत नाही. पहिल्यांदाच रोवणीला आलेल्या मुलीची चार रोपं मागे तरंगताना दिसली की शेजारची बाई ती पुन्हा खोचून दाखवते. शिकवणं म्हणायचं तर एवढंच.

दिवाळीच्या आसपास हलकं धान कापणीला येतं आणि त्याच हातात विळा येतो. आता पकड पार बदलते. विळ्याची मूठ चारही बोटांनी तळहातात घेतलेली असते आणि अंगठा वरून आवळलेला असतो. डाव्या हाताने धानाचा झुबका धरायचा, उजव्याने पातं ओढायचं, कापलेलं धान कडपा करून मागे ठेवायचं. इथेही नवखा हात लगेच ओळखू येतो. त्याने विळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच आवळून धरलेला असतो. दुपारपर्यंत त्याच्या तळहाताला फोड येतात आणि संध्याकाळी मनगट वळत नाही. मुरलेल्या हाताची मूठ पातं ओढतानाच घट्ट होते आणि झुबका सुटला की पुन्हा ढिली पडते. त्याला धक्का न देता कापता येतं, त्यामुळे पिकलेल्या लोंबीचा दाणाही कमी झडतो.

ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी १९५६ साली माणसाच्या पकडीचे दोन मुख्य प्रकार मांडले. बोटांच्या टोकांत धरलेली नेमकेपणाची पकड हा एक आणि तळहातात आवळलेली ताकदीची पकड हा दुसरा. रोवणीत पहिली लागते, कापणीत दुसरी. या दोन्ही एकाच वेळी, एकाच दांडीवर, अगदी मोजून मागणारा खेळ म्हणजे गोल्फ. म्हणून या प्रकरणात गोल्फचा दांडा हातात घेऊन मुठीचा विचार करायचा आहे. भंडाऱ्याच्या वाचकाने हा खेळ बहुधा टीव्हीवर पाहिलेला असतो. तरी त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट त्याच्या हातांना अनोळखी नाही.

आधी आकडे पाहू. गोल्फच्या चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असावं, असा नियम आहे. गोल्फच्या दांड्याला क्लब म्हणतात आणि सगळ्यात लांब क्लब म्हणजे ड्रायव्हर. त्याचं एकूण वजन ३०० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि त्यातले सुमारे २०० ग्रॅम टोकाच्या डोक्यात असतात. चांगला हौशी खेळाडू हे डोकं ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने फिरवतो आणि व्यावसायिक त्याहून बराच जास्त. डोकं आणि चेंडू यांची गाठ पडते ती सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरती. तेवढ्या क्षणात क्लबफेस, म्हणजे चेंडूला भिडणारी सपाट बाजू, एक अंशाने जरी उघडी राहिली तरी दोनशे मीटरवर चेंडू काही मीटर बाजूला जाऊन पडतो. खेळाडूचं शरीर कितीही डौलदार फिरलेलं असो, क्लबला त्याचा स्पर्श फक्त दोन पंजांपुरताच असतो. खांदे, कंबर, पाय यांनी जमवलेलं सगळं तिथूनच पुढे जायचं असतं.

मूठ घट्ट आवळली की नेमकं काय बिघडतं, हे स्वतःच्या हातावर पाहता येतं. उजव्या हाताची मूठ वळायची आणि डाव्या हाताने कोपराखालचा भाग चाचपायचा. मूठ आवळत गेलं की तिथले स्नायू दगडासारखे होतात. बोटं मिटवणारे मोठे स्नायू पंजात नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात आणि त्यांच्या लांब दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटावरून जाऊन बोटांच्या हाडांना जोडलेल्या असतात. बोटं जोरात मिटली की या दोऱ्या ताणल्या जातात. त्यांच्या ओढीने मनगट आत वळू नये म्हणून उलट बाजूचे स्नायूही तेवढ्याच जोराने आखडतात. दोन्ही बाजूंनी ताणलेलं मनगट ताठ होतं. तसंच आवळून मनगट गोल फिरवायला गेलं तर ते अडखळतं आणि मूठ अर्धी सैल केली की मोकळं फिरतं. गोल्फच्या स्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे-वर नेऊन चेंडूवर आणण्याच्या हालचालीत, मनगटाला वर जाताना मुडपायचं आणि खाली येताना मोकळं व्हायचं असतं. क्लबच्या डोक्याला वेग मिळण्याचा मोठा भाग या मोकळं होण्यात आहे.

आवळलेल्या मुठीचा दुसरा परिणाम दिशेवर होतो. उजव्या हाताच्या खेळाडूचं मनगट ताठ राहिलं की क्लबफेस वेळेवर बंद होत नाही, उघडाच राहतो. चेंडू उजवीकडे वळत वळत झाडीत शिरतो. याला स्लाइस म्हणतात आणि नवख्या खेळाडूंचा हा सगळ्यात नेहमीचा आजार आहे. गंमत अशी की चेंडू उजवीकडे गेला की माणूस चिडतो आणि पुढच्या वेळी क्लब आणखी आवळतो.

मग किती आवळावं? अमेरिकेचे सॅम स्नीड (१९१२–२००२) यांच्या नावावर पीजीए टूरची ८२ विजेतेपदं आहेत. त्यांची शिकवण जगभर सांगितली जाते: हातात जिवंत पाखरू आहे असं समजून क्लब धरा, ते उडूनही जाऊ नये आणि चिरडूही नये. आजचे बरेच प्रशिक्षक एक ते दहा अशी पट्टी सांगतात. एक म्हणजे क्लब जेमतेम निसटत नाही इतपत आणि दहा म्हणजे अंगातली सगळी ताकद. या पट्टीवर चार-पाचच्या आसपास राहा, असं शिकवलं जातं.

पट्टी कामाची आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. कारण आपण लावलेला जोर आपल्याला खरा कळत नाही. लंडनमधल्या संशोधकांनी २००३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक साधा प्रयोग मांडला होता. दोन माणसं समोरासमोर बसवली. एकाच्या बोटावर यंत्राने ठरावीक दाब दिला आणि तेवढाच दाब समोरच्याच्या बोटावर द्यायला सांगितलं. मग दुसऱ्याने पहिल्याला, असं आलटून पालटून. दोघंही प्रामाणिकपणे तेवढाच दाब परत करत होते, तरी प्रत्येक पाळीला जोर वाढत गेला. स्वतः लावलेला दाब मेंदूला आधीच अपेक्षित असतो, म्हणून तो त्याला सौम्य वाटतो आणि बाहेरून आलेला दाब पुरेपूर जाणवतो. गोल्फच्या मैदानावर याचा अर्थ असा, की आपण चारवर आहोत असं ज्याला वाटतं तो बऱ्याचदा सहा-सातवर असतो. आपली मूठ सैल वाटते म्हणून ती सैल आहे, असं धरून चालता येत नाही.

स्विंग सुरू झाल्यावर काय होतं, ही या विषयातली सगळ्यात रंजक बाब आहे. क्लबचं डोकं गोल फिरत असल्यामुळे ते बाहेरच्या दिशेने ओढ घेतं. दोनशे ग्रॅमचं डोकं आणि ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर वेग धरून हिशेब केला, तर चेंडूजवळ ही ओढ साधारण ३० ते ४० किलो वजन हाताला टांगल्याइतकी येते. पाखराला धरावं तशा मुठीत हे वजन टिकणं शक्यच नाही. तरी स्नीड यांच्या हातून क्लब उडाला नाही आणि तसा इतरांच्याही हातून सहसा उडत नाही. याचं उत्तर स्वीडनच्या उमिओ विद्यापीठात १९८४ साली सापडलं. रोलँड योहान्सन आणि गोरान वेस्टलिंग यांनी लोकांना लहानशी वस्तू चिमटीत उचलायला लावून बोटांचा दाब मोजला. वस्तूचं वजन जसं हातावर येतं तसा चिमटीचा दाब त्याच क्षणी वाढतो, असं त्यांना दिसलं. तो घसरण थांबवायला लागतो त्याहून थोडासाच जास्त असतो. वस्तूचा पृष्ठभाग गुळगुळीत केला की हात आपोआप जास्त दाबतो, खरखरीत केला की कमी. वस्तू निसटायला लागल्यावर हात जागा होत नाही, तो आधीच तयार असतो. तळहाताच्या आणि बोटांच्या कातडीत स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० मज्जातंतू आहेत आणि त्यांच्या बातमीवर मेंदू हा हिशेब आपल्याला न विचारता करत असतो.

रोवणीतल्या बाईची तीन बोटं हेच करत असतात. कोरड्या पऱ्ह्याला एक दाब, चिखलाने बुळबुळीत झालेल्या पऱ्ह्याला दुसरा.

गोल्फमध्ये या हिशेबाला जागा ठेवावी लागते. क्लब वरून खाली येऊन चेंडूपर्यंत पोहोचायला साधारण पाव सेकंद लागतो. एवढ्या वेळात ठरवून मूठ कमी-जास्त करणं माणसाला जमणार नाही. सुरुवात हलक्या मुठीने झाली तर हात ओढीबरोबर दाब वाढवत जातो आणि सुरुवातच पूर्ण ताकदीने झाली तर वाढवायला काही उरत नाही. इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात क्लबच्या मुठीवर दाबमापक बसवून वेगवेगळ्या खेळाडूंचे फटके मोजले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली, स्विंगभर दाब एकसारखा राहत नाही, तो चढतो आणि उतरतो. दुसरी, दाबाचा हा आलेख प्रत्येकाचा वेगळा असतो, पण एकाच खेळाडूच्या फटक्यांत तो जवळजवळ तसाच उमटतो, सही केल्यासारखा. ‘दाब शेवटपर्यंत सारखा ठेवा’ असं प्रशिक्षक सांगतात. यंत्राच्या हिशेबाने ते खरं नाही. पण खेळाडूला तो सारखा वाटला पाहिजे, मध्येच मुद्दाम दिलेला हिसका नको, या अर्थाने ते पूर्ण खरं आहे. त्याच वेळी सगळ्यांसाठी एकच आकडा सांगण्याला काही आधार उरत नाही. दुसऱ्याचा आकडा उसना घेऊन कुणाचा खेळ सुधारत नाही.

दाब किती, याइतकाच तो कुठल्या बोटांत, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. हॅरी व्हार्डन यांनी १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर टेकवण्याची पकड त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दोन हात एकमेकांत गुंतले की त्यांच्यातली ओढाताण कमी होते, हा तिचा फायदा. पुढे बेन होगन यांनी १९५७ सालच्या ‘फाइव्ह लेसन्स’ या पुस्तकात नेमकी बोटं सांगितली. उजव्या हाताच्या खेळाडूने डाव्या हाताची शेवटची तीन आणि उजव्या हाताची मधली दोन बोटं कामाला लावायची. उजवा अंगठा आणि तर्जनी यांनी चिमटा काढायचा नाही. तो चिमटा बसला की उजवा हात फटक्याचा मालक होऊ पाहतो, कोपरापर्यंत ताण चढतो आणि क्लब वरून आडवा येतो. विळा किंवा कुऱ्हाड धरणारे हातही भार करंगळीकडच्या बोटांवरच घेतात. दांडा तिकडून धरला की मनगटाला वळायला मोकळीक राहते. गावात विटी-दांडू खेळणारी पोरं हे न सांगता करतात. विटी वर उडवताना दांडू बोटांत सैल असतो आणि हवेतल्या विटीला टोला मारताना तो शेवटच्या बोटांत आवळला जातो.

भंडारा शहराची जुनी ओळख पितळी भांड्यांची. स्टीलच्या भांड्यांमुळे तो धंदा पुष्कळ ओसरला, पण धातू ठोकून घडवणाऱ्या कारागिराचा हात आजही पाहण्यासारखा आहे. हातोडी खाली येताना तो तिला नेम देतो आणि घाव बसण्याच्या क्षणी मूठ इतकी हलकी ठेवतो की हातोडी आपल्याच उसळीने वर येते. मूठ आवळलेली राहिली तर ती उसळी मनगटातून कोपरात उतरते. वर्षानुवर्षं असं झालं की कोपराच्या हाडाजवळ कंडरा दुखावतात. बाहेरच्या बाजूचं दुखणं ‘टेनिस एल्बो’ आणि आतल्या बाजूचं ‘गोल्फर्स एल्बो’ म्हणून दवाखान्यात नोंदवलं जातं. ज्यांनी या दोन्ही खेळांचं मैदानही पाहिलेलं नाही, अशा सुतार, गवंडी, स्वयंपाकी आणि शेतमजुरांनाही ती होतात. या दुखण्याकडे घराघरांत फार दुर्लक्ष होतं आणि ते व्हायला नको. अवजाराची मूठ बारीक, गुळगुळीत किंवा धार बोथट असेल तर हाताला जास्त आवळावं लागतं. पात्याला वेळच्या वेळी धार लावणं हा कोपर वाचवण्याचाही उपाय आहे.

घसरण आली की ओलाव्याचा विषय येतोच. कुदळ किंवा कुऱ्हाड उचलण्याआधी तळहातावर थुंकी लावून हात चोळणारी माणसं गावोगाव दिसतात. त्यामागे पक्कं कारण आहे. कोरडी, कडक कातडी लाकडावरून घसरते. किंचित ओलावा मिळाला की ती मऊ पडून दांड्याला जास्त चिकटून बसते आणि कमी जोरात काम भागतं. ओलावा फार झाला तर मात्र मध्ये पाण्याचा थर येतो आणि पकड जाते. गोल्फचे खेळाडू घाम पुसायला टॉवेल बाळगतात आणि बहुतेक जण डाव्या हातात पातळ चामड्याचा ग्लोव्ह घालतात, तो याच गणितासाठी. घर्षण वाढलं की तेवढाच क्लब कमी दाबात धरता येतो.

सगळ्या फटक्यांना एकच दाब चालत नाही. चेंडू उंच गवतात रुतला असेल तर गवताची पाती क्लबच्या मानेला गुंडाळतात आणि फेस वळवतात. तिथे मूठ थोडी पक्की लागते. हिरवळीवर भोकाजवळ पटर, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलायचा क्लब, हातात आला की दाब बऱ्याच खेळाडूंचा सर्वांत हलका असतो, कारण तिथे सगळा खेळ अंतराच्या जाणिवेवर असतो. हिरवळीवरच एक विचित्र व्याधीही भेटते. आयुष्यभर सहज चेंडू घालणाऱ्या खेळाडूचा हात तीन फुटांवरून अचानक झटका देतो. याला ‘यिप्स’ म्हणतात. जर्मनीचे बर्नहार्ड लँगर यांना तिने वारंवार गाठलं आणि पटर धरण्याच्या नव्या नव्या पद्धती शोधत ते तिच्यातून बाहेर आले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या संशोधकांनी यिप्स असलेल्या खेळाडूंची मोजणी केली, तेव्हा ते इतरांपेक्षा पटर जास्त जोरात धरत असल्याचं दिसलं. मनावरचा ताण बोटांत असा उतरतो.

महाराष्ट्रात हा खेळ मोठ्या क्लबांच्या कुंपणाआड वाढला. चेंबूरची बॉम्बे प्रेसिडेन्सी, ताडदेवजवळचा विलिंग्डन, पुण्यात येरवड्याचं मैदान. पुण्याचा उदयन माने २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला. पण मुठीच्या दृष्टीने जास्त लक्ष वेधून घेतात ती चेंबूरच्या मैदानाला लागून असलेल्या वस्तीतली पोरं. दिवसा साहेबांच्या बॅगा वाहणारे कॅडी आपल्या गल्लीत स्वतःचा गोल्फ खेळू लागले. लोखंडी सळी टोकाशी वाकवून क्लब केला आणि चेंडू प्लास्टिकचा घेतला. अरुंद बोळात, भिंती-पत्र्यांच्या मधून चेंडू नेमका काढायचा तर ताकद उपयोगाची नाही, बोटांतली जाणीवच लागते. इतक्या महागड्या खेळातलं सगळ्यात मौल्यवान कसब असं फुकट मिळवता येतं, ही गोष्ट मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाने मनावर घ्यायला हवी. भंडाऱ्याच्या एखाद्या शाळेत काठी आणि रबरी चेंडूवरही त्याची सुरुवात होऊ शकते.

योग्य दाब शोधण्याची एक पद्धत अनेक प्रशिक्षक वापरतात आणि ती कोणत्याही काठीवर करून बघता येते. क्लब सरळ उभा, डोकं आकाशाकडे करून धरायचा. या स्थितीत तो फार हलका लागतो आणि मूठ आपोआप सैल राहते. मग तो हळूहळू पुढे, जमिनीला समांतर होईपर्यंत आडवा करायचा. डोक्याचं वजन जाणवू लागतं आणि बोटं, न सांगता, थोडी मिटतात. जिथे डोक्याचं वजन स्पष्ट जाणवतं आणि मनगट अजून मोकळं हलतं, तो दाब लक्षात ठेवायचा. दुसरी पद्धत उलट्या बाजूने येते. आधी पूर्ण ताकदीने आवळायचं, मग इतकं सोडायचं की क्लब निसटेल असं वाटावं, आणि मग त्या टोकापासून किंचितच वर यायचं. हे चेंडू समोर नसताना करावं. चेंडू समोर आला की मूठ आपसूक वाढते, म्हणून स्विंगच्या आधी क्लब दोन-तीनदा हलकेच हलवून घेतात. याला ‘वॅगल’ म्हणतात. क्लब हलत असेतो मनगट आखडायला सवड मिळत नाही.

आपला दाब स्विंगमध्ये टिकतो की नाही, हे तपासायला कुणाला विचारावं लागत नाही. ग्लोव्ह उलटून पाहावा. तळहाताच्या खालच्या बाजूला, करंगळीकडच्या गादीवर चामडं झिजून भोक पडत असेल, तर क्लब दर फटक्याला तिथे घासतोय. बहुतेकदा तो बोटांऐवजी तळहातात आडवा धरलेला असतो, म्हणजे आधी जागा बदलायची आणि दाबाचं नंतर बघायचं. ग्लोव्ह चांगला असूनही हात आवळत असेल तर क्लबची रबरी मूठ पाहावी. ऊन, घाम आणि तेलकट हातांनी ती कडक व चकचकीत होते. कोमट पाणी, साबण आणि जुना ब्रश यांनी ती घासून वाळवली की तिचा खरखरीतपणा बराच परत येतो. तरीही चकाकत राहिली तर ती बदलूनच घ्यावी लागते.